ट्रंकेतल्या फोटोतली युद्धनौका ओळखायची कशी?

नाशिकला समुद्र नाही, पण नौदलातल्या माणसांचे फोटो इथल्या घरांत निघतात. कुणाचे आजोबा महायुद्धात बोटीवर स्टोकर, म्हणजे बॉयलर पेटता ठेवणारे, होते, कुणाचे मामा साठच्या दशकात सिग्नलमन. देवळाली कॅम्प, भगूर, सिन्नर, निफाड, कुठेही जुनी ट्रंक उघडली की पेन्शनच्या कागदांखाली एखादा फोटो सापडतो. गोल टोपीतला तरुण आणि त्याच्या मागे करड्या रंगाचं एक धूड. घरात त्याबद्दल एकच वाक्य ऐकू येतं, "आपले आण्णा विक्रांतवर होते."

विक्रांत हे नाव सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे घरगुती बोलण्यात कुठलीही युद्धनौका विक्रांत होऊन जाते. खरी विक्रांत नौदलात दाखल झाली ती ४ मार्च १९६१ ला, बेलफास्टमध्ये. आण्णा १९५८ ला घरी परतले असतील तर तो विषय तिथेच मिटला.

नवखा माणूस थेट नावाच्या मागे लागतो. फोटो इंटरनेटवर टाकायचा, मिळतंजुळतं जहाज दिसलं की तेच आपलं म्हणायचं. माझं म्हणणं असं की नाव सगळ्यात शेवटी येऊ द्या. आधी काळ ठरवा, मग जहाजाचा प्रकार, मग नाव. हा क्रम उलटा केला की हव्या त्या नावाला पुरावे चिकटवायची सवय लागते. त्यातून आपल्या नौदलात एकच नाव अनेक जहाजांना मिळालेलं आहे, म्हणजे नाव सापडलं तरी जहाज सापडलंच असं नाही.

फोटो हातात घेतल्यावर

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. सुटा असेल तर मोबाइलवर टिपण्यापेक्षा स्कॅनर बरा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय पुरे, पण जुने फोटो पुष्कळदा आगपेटीपेक्षा थोडेच मोठे असतात, त्यांना १२०० ठेवा. झेरॉक्सच्या दुकानात करून घेत असाल तर "जसा आहे तसा द्या, साफ करू नका" असं बजावून सांगा. दुकानदार प्रेमाने डाग पुसतो आणि डागासोबत जहाजाच्या बाजूवरचा आकडाही पुसला जातो.

एआयने फोटो 'स्पष्ट' करणारी ॲप्स या कामात तर चक्क घातक. ती धूसर जागा अंदाजाने भरतात. अस्पष्ट ५२ चा ठळक ६२ होतो आणि तुम्ही दोन महिने भलत्याच जहाजामागे फिरता. रंगीत करून देणारी ॲप्स भिंतीवर लावायच्या प्रतीसाठी वापरा, ओळख पटवायला नको.

मग फोटो उलटा. मागे स्टुडिओचा शिक्का, तारीख, पेन्सिलीतला नंबर, मोडीतली किंवा इंग्रजीतली एखादी ओळ, जे असेल तेही स्कॅन करा. फोटो पोस्टकार्डाच्या रूपात असेल आणि कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत जहाजाचं नाव असेल तर नशीब थोर. इंग्लंडातल्या साउथसीचे राइट अँड लोगन यांच्यासारखे छायाचित्रकार तिथल्या बंदरात येणाऱ्या युद्धनौकांची अशी कार्डं काढून विकत. आपली बरीच जुनी जहाजं ब्रिटनमध्ये बांधलेली किंवा तिथून ताब्यात घेतलेली, तेव्हा असं कार्ड नाशिकच्या ट्रंकेत निघालं तर नवल नाही.

फोटो आरशात पाहिल्यासारखा उलटा छापला गेलाय का, तेही आत्ताच बघून ठेवा. टोपीवरची अक्षरं किंवा बाजूवरचा आकडा उलटा दिसला की समजायचं.

ही युद्धनौकाच आहे ना?

हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण नाशिकमध्ये तो आवर्जून विचारावा लागतो. इंग्रजांच्या काळात देवळालीला फौजेचा मोठा मुक्काम असे. विलायतेला परतणारे गोरे सोल्जर तिथे बोटीची वाट बघत थांबायचे आणि मग मुंबईहून निघायचे. आपल्या भागातले जवानही परदेशी गेले ते फौजी वाहतुकीच्या बोटींनीच. त्यामुळे देवळालीच्या बंगल्यात किंवा फौजी घरात सापडलेलं जहाज पुष्कळदा सैनिक वाहून नेणारी प्रवासी बोट असतं. खिडक्यांच्या लांबच लांब रांगा, वर ओळीने टांगलेल्या होड्या, उंच धुराडं, आणि बुरुजात बसवलेल्या मोठ्या तोफा नाहीत, अशी ती ओळखायची. एखाद्या प्रवासी बोटीवरही युद्धकाळात मागच्या बाजूला तोफ बसवलेली असे, तेवढ्यावरून तिला युद्धनौका म्हणू नका.

आणखी एक गंमत म्हणजे स्टुडिओतला पडदा. मागचा समुद्र फारच गुळगुळीत असेल आणि पायाखाली सतरंजी असेल तर ते जहाज रंगवलेलं आहे. तिथे ओळखण्यासारखं फक्त टोपीवरचं लेखन.

माणसाचे कागद

जहाजाकडे वळण्याआधी माणसाची नोकरी कुठून कुठवर होती ते काढा. सेवेचं प्रमाणपत्र, डिस्चार्जचे कागद, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), पदकं. स्वातंत्र्यानंतरच्या पदकांच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, भिंगाखाली धरा. बाहीवरचं चिन्हही कामाचं. डाव्या बाहीवर एकच नांगर असेल तर माणूस लीडिंग रेटचा, एकमेकांवर आडवे दोन नांगर असतील तर त्याच्या वरच्या हुद्द्याचा, पेटी ऑफिसर. कागदात ती बढती कोणत्या साली आहे ते पाहिलंत की फोटोचा काळ एकदम आवळला जातो.

कागदात जहाजाचं नाव मिळालं की लोक उड्या मारतात. जरा थांबा. नौदलात किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजासारखंच नाव असतं. १८ फेब्रुवारी १९४६ ला नौसैनिकांचा उठाव जिथे सुरू झाला ती 'तलवार' म्हणजे मुंबईत कुलाब्याला असलेली सिग्नलची शाळा. ती कधी पाण्यात उतरली नाही. 'शिवाजी' लोणावळ्याला आहे, 'वलसुरा' जामनगरला, 'हमला' मुंबईत मार्वेला, 'वेंदुरुथी' आणि 'गरुडा' कोचीला. आजोबांच्या कागदात सलग तीन वर्षं 'शिवाजी' असेल तर ती तीन वर्षं ते खंडाळ्याच्या घाटात होते, समुद्रावर नव्हे.

काळ कसा ठरवायचा

टोपीपासून सुरुवात करा. रॉयल इंडियन नेव्ही हे नाव २ ऑक्टोबर १९३४ पासूनचं, आणि तेव्हाच्या जहाजांच्या नावाआधी एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) लागे. २६ जानेवारी १९५० पासून आयएनएस. लक्षात घ्या, स्वातंत्र्य १९४७ चं असलं तरी ही अक्षरं १९५० ला बदलली. युद्धकाळात सुरक्षेसाठी टोपीच्या पट्टीवर जहाजाचं नाव न घालता नुसतं एचएमआयएस लिहीत, तेव्हा नाव नसलेली पट्टी हीसुद्धा तारीखच.

त्यानंतर निशाण. जहाजाच्या मागच्या टोकाला, किंवा जहाज समुद्रात असेल तर डोलकाठीवर, नौदलाचं पांढरं निशाण असतं. आपल्याला पाहायचा तो त्याचा काठीकडचा वरचा कोपरा. तिथे युनियन जॅकची गिचमिड असेल तर फोटो २६ जानेवारी १९५० च्या आधीचा. तीन सरळ पट्टे असतील तर नंतरचा. मधली उभी-आडवी फुली दोन्हींत आहे, तिच्यावरून काही ठरत नाही. फोटो रंगीत, अलीकडचा असेल आणि फुली गायब असेल तर तो १५ ऑगस्ट २००१ ते एप्रिल २००४ या दरम्यानचा असू शकतो, कारण त्या काळात फुली काढून टाकली होती. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून प्रेरित अष्टकोन असलेलं आजचं निशाण २ सप्टेंबर २०२२ पासूनचं.

पार्श्वभूमी विसरू नका. मुंबई बंदरातल्या फोटोत जहाजामागे किनारा दिसतोच. गेटवे १९२४ चं, ताजचा जुना घुमट त्याहून आधीचा, १९०३ चा, म्हणून त्या दोघांवरून फारसं कळत नाही. पण घुमटाशेजारची ताजची उंच इमारत १९७३ ची. ती दिसली तर महायुद्धाची गोष्ट बाद. ट्रॉम्बेच्या बाजूला अणुभट्टीचा मोठा घुमट दिसत असेल तर तो सायरसचा. ती भट्टी १९६० मध्ये सुरू झाली, म्हणजे फोटो त्या सुमाराचा किंवा नंतरचा. जहाजाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला मागचा किनारा दिसत नाही, म्हणून एकदा जहाजावर हात ठेवून फक्त मागचं दृश्य बघा.

तोफा मोजा, नळ्याही मोजा

आता जहाजाच्या आकाराकडे या. पुढच्या टोकाकडून मागे नजर फिरवत कागदावर टिपा: ब्रिजच्या (जिथून जहाज चालवतात त्या उंच भागाच्या) पुढे तोफा किती, प्रत्येकीला नळ्या किती, धुराडी किती आणि ती सरळ की कललेली, डोलकाठी साधी खांबासारखी की लोखंडी जाळीची, मागे तोफा की हेलिकॉप्टरची मोकळी जागा. रेघोट्यांचं का होईना, चित्र काढा. चित्र काढताना जे डोळ्याला दिसतं ते नुसतं बघताना निसटतं.

याने किती फरक पडतो ते दोन क्रूझरवरून, म्हणजे मोठ्या तोफांच्या मोठ्या युद्धनौकांवरून, कळेल. १९४८ ला आलेली 'दिल्ली' ही आधी न्यूझीलंडची 'अकिलीस' होती, १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या लढाईत लढलेली. १९५७ ला आलेली 'म्हैसूर' म्हणजे ब्रिटनची 'नायजेरिया'. दोन्ही लांबलचक, दोन्हींना पुढे दोन बुरूज आणि मागे एक. लांबून बघणाऱ्याला एकच वाटतात. पण 'दिल्ली'ला एकच जाडजूड धुराडं आणि प्रत्येक बुरुजात दोन नळ्या, 'म्हैसूर'ला दोन धुराडी आणि बुरुजागणिक तीन नळ्या. भिंग लावून नळ्या मोजल्या की वाद मिटला.

विमानवाहू नौकेत सपाट डेकमुळे प्रकार लगेच कळतो, मग पुढचं टोक बघायचं. जुन्या 'विक्रांत'चं टोक बरीच वर्षं सपाट होतं, विमानांना उडी मारायला वर वळलेला उतार तिला ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बसवला. 'विराट' १९८७ ला आपल्याकडे आली तीच तो उतार घेऊन. आणि 'विक्रांत'वर साडी नेसलेल्या आजी, नातवंडं असा रंगीत फोटो असेल तर तो बहुधा सहलीचा. निवृत्त झाल्यावर २००१ ते २०१२ ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती.

बाजूवरचा आकडा

पुढच्या भागाच्या बाजूवर इंग्रजी अक्षर आणि आकडा रंगवलेला दिसला की त्याला पेनंट नंबर म्हणतात. अक्षर प्रकार सांगतं. महायुद्धातल्या स्लूपना यू, कॉर्व्हेटना के (दोन्ही ताफ्यांना संरक्षण देणाऱ्या छोट्या युद्धनौका), सुरुंग काढणाऱ्या जहाजांना जे. १९४८ च्या सुमारास ही पद्धत बदलली आणि यू व के जाऊन एफ आलं. म्हणून यू दिसलं की काळही आपोआप कळला. पुढे डी म्हणजे विनाशिका, एफ म्हणजे फ्रिगेट, आर म्हणजे विमानवाहू, एवढं पाठ असलं तरी पुष्कळ.

महायुद्धात आपल्या ताफ्यात सहा मोठे स्लूप होते: सतलज यू ९५, जमुना यू २१, नर्मदा यू ४०, गोदावरी यू ५२, कृष्णा यू ४६ आणि कावेरी यू १०. शोधताना इंग्रजी स्पेलिंग तेव्हाचंच टाका: जमना (Jumna), नरबदा (Narbada), किस्तना (Kistna). आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर हाती काही लागणार नाही. फाळणीनंतर नर्मदा आणि गोदावरी पाकिस्तानकडे गेल्या व तिथे 'झेलम' आणि 'सिंध' झाल्या, बाकीच्या चार आपल्याकडे राहिल्या.

एक उदाहरण: गोदावरी, पण कोणती?

समजा पंचवटीतल्या एका घरात फोटो निघाला. तीन नौसैनिक डेकवर उभे, एकाच्या खांद्यामागे लाइफबॉयचं गोल कडं आणि त्यावर गोदावरी हे नाव अर्धवट दिसतंय. घाटावरच्या माणसाला आनंद होणारच. पण या नावाच्या तीन युद्धनौका झाल्या. पहिली १९४३ चा तो स्लूप. दुसरी १९५३ ला ब्रिटनकडून आलेली हंट वर्गातली (वर्ग म्हणजे एकाच आराखड्याच्या जहाजांचा गट) छोटी विनाशिका, डी ९२. ही मूळची 'बिडेल', युद्धात काही वर्षं पोलंडच्या नौदलातही होती, आणि १९७६ मध्ये मालदीवला खडकावर आदळली. तिसरी माझगाव डॉकमध्ये बांधलेली फ्रिगेट, एफ २०, नौदलात १० डिसेंबर १९८३ ते २३ डिसेंबर २०१५.

कड्यावर नावाआधी एचएमआयएस असेल तर प्रश्न संपला, पहिलीच. तो भाग खांद्यामागे लपला असेल तर तोफा बघाव्या लागतात. आणि इथे फसगत होते, कारण पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही गोदावरींवर चार इंची, दुनळी तोफा आहेत, आणि दोन्हींवर त्या तीनच. फरक जागेचा. स्लूपवर ब्रिजच्या पुढे दोन तोफा, एक खाली आणि तिच्या मागे जराशी वर, आणि जहाजाच्या मागच्या भागात एक. हंट वर्गात उलट: पुढे एकच, मागे दोन. फोटो पुढच्या डेकवरचा असेल आणि माणसांच्या डोक्यावरून एकामागे एक दोन तोफा दिसत असतील तर तो स्लूप.

तिसरी ओळखायला सोपी. पुढे छोटी दुनळी तोफ, तिच्या मागे क्षेपणास्त्रांच्या गोल, जाड नळकांड्या आणि मागे हेलिकॉप्टर ठेवायची मोठी खोली. ही फ्रिगेट असेल तर आण्णांची नोकरी ऐंशीच्या पुढची असली पाहिजे. म्हणून कागद आधी काढायला सांगितले.

'तलवार' (शाळेनंतर १९५९ आणि २००३ च्या दोन फ्रिगेट), 'राजपूत' (१९४९ ची आणि १९८० ची विनाशिका), 'दिल्ली' या नावांचंही असंच आहे. नाव मिळालं की लगेच विचारा, कितवी?

पडताळा

आता कुठे इंटरनेट. यूबोट डॉट नेट या संकेतस्थळावर महायुद्धातल्या दोस्त राष्ट्रांच्या जहाजांची यादी आहे, त्यात रॉयल इंडियन नेव्हीची जहाजंही आहेत, पेनंट नंबरसकट. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या छायाचित्र संग्रहातही आपली जहाजं आणि खलाशी सापडतात. तुमचा फोटो आणि तिथला फोटो शेजारी ठेवून निदान तीन खुणा जुळवा, आणि त्याहून महत्त्वाचं, न जुळणारी एक तरी खूण मुद्दाम शोधा. डागडुजीत डोलकाठ्या आणि लहान तोफा बदलत, त्या न जुळल्या तर चालतं. धुराड्यांची संख्या किंवा मुख्य बुरुजांची जागा न जुळली तर दुसरं जहाज बघा. एकाच वर्गातल्या बहिणी-बहिणी आकडा नसेल तर वेगळ्या काढता येत नाहीत, हे मान्य करावं लागतं. 'ब्लॅक स्वान वर्गातला स्लूप, बहुधा कावेरी किंवा कृष्णा' हे उत्तरही चांगलं आहे (वरचे सहा स्लूप याच वर्गातले).

नौसैनिकांच्या सेवेच्या नोंदींसाठी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सला लिहावं लागतं. नाव, नंबर, भरतीचं साल, नातं आणि त्याचा पुरावा जोडा, अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. पत्र कसं लिहायचं ते अडलं तर नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. फोटोचा मूळ कागद पोस्टात टाकू नका, प्रत पुरते. आणि जहाज ओळखलं म्हणून माणूस त्याच जहाजावर होता असंही धरून चालू नका. बंदरात शेजारी लागलेल्या देखण्या जहाजापुढे फोटो काढून घ्यायची हौस तेव्हाही होतीच. ते कळतं फक्त नोंदीवरून.

काय ठरलं ते फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका. पाकिटावर लिहा, आधारासकट: 'बहुधा आयएनएस कावेरी, १९५० नंतर, १९६० च्या आधी, मुंबई. आधार: निशाण, पुढच्या दोन तोफा, ट्रॉम्बेचा घुमट नाही.' 'बहुधा' हा शब्द गाळू नका, नाहीतर पुढच्या पिढीत तो अंदाज कागदोपत्री सत्य होऊन बसतो.

गाडी अडलीच तर नातेवाइकांना फोन लावा. त्या काळी एका रोलमध्ये आठ, बारा किंवा सोळा फोटो निघत आणि प्रती भावंडांत वाटल्या जात. मालेगावच्या आत्याकडे त्याच रोलमधला दुसरा फोटो असू शकतो, किंवा तोच फोटो कडा न कापलेला, आणि त्या कडेवर बाजूवरचा आकडा पूर्ण आलेला. तिला नुसतं "फोटो आहे का?" असं विचारू नका. "आण्णांचे टोपीतले सगळे फोटो काढून ठेव, जहाज दिसत नसलं तरी" असं सांगा.